कपाशीतली मोटार

लग्नानंतर पाच दिवस मी ज्या घरात राहिले ते माझं घर नव्हतं, हे मला सहाव्या दिवशी कळलं.

माझे वडील नंदुरबारला प्राथमिक शाळेत मास्तर होते. मी सातवी झालेली, घरातली थोरली. स्थळ आलं ते तापीपलीकडच्या, शहाद्याजवळच्या एका गावच्या पाटलांच्या धाकट्या मुलाचं. मुलगा मोटार चालवतो, घरची जमीन आहे आणि मळ्यात त्याचं स्वतःचं वेगळं घर आहे, असं मध्यस्थाने सांगितलं. वडिलांना ते 'वेगळं घर' फार आवडलं. आपल्या मुलीला दहा माणसांच्या भाकरी थापाव्या लागणार नाहीत, एवढाच अर्थ त्यांनी काढला. ते घर पाहायला मात्र आमच्याकडून कोणी गेलं नाही.

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्याकडे रीत नव्हती. मी जन्मभर 'हे' आणि 'ह्यांनी' असंच म्हणत आले, इथेही तसंच म्हणते. सासऱ्यांना सगळा गाव आबा म्हणे. ते गावचे मुलकी पाटील होते. सारा वसूल करायचा, गावात सरकारी नियमाबाहेर काही झालं तर तालुक्याला कळवायचं, हे त्यांचं काम. उंच, कोरडे, फार कमी बोलणारे. सासूबाई आधीच वारल्या होत्या. घर थोरल्या दिरांचं आणि जाऊबाईंचं होतं. पाच दिवस देवदर्शन, हळद उतरवणं, पाहुणे यात गेले. सहाव्या दिवशी दुपारी ह्यांनी माझी पत्र्याची पेटी खांद्यावर घेतली आणि म्हणाले, "चाल, घर जाऊत."

मी घरातच तर बसले होते. मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्या तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

आम्ही बांधाबांधाने निघालो. कपाशी फुटली होती, दोन्हीकडे पांढरं शुभ्र. कोस-दीड कोस चालल्यावर कपाशीच्या मधोमध मला एक मोटार उभी दिसली. खरीखुरी सर्व्हिस मोटार, लाकडी बॉडीची, वर टप, कपाळावर 'शहादा – तळोदा' अशी पाटी. मला हायसं वाटलं. घर लांब आहे, तिथे जायला ह्यांनी आपली मोटार शेतापर्यंत आणून ठेवली आहे, असं मी धरलं. पायरीवर पाय ठेवून मी आत चढले, मागच्या एकुलत्या एका बाकावर बसले आणि बोचकं मांडीवर घेऊन मोटार सुटायची वाट पाहू लागले.

हे पेटी आत ठेवून खाली उतरले आणि पुढे गेले. बॉनेट उघडल्याचा आवाज आला. इंजिन सुरू करत असतील. मग धूर आला, आणि धुराला पऱ्हाटीच्या काड्यांचा वास होता. थोड्या वेळाने हे हातात चहाची पितळी घेऊन आत आले.

मी विचारलं, "कधी निघायचं?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "कथा जावानं शे? हाईच आपलं घर शे."

मी चहा घेतला नाही. मी रडलेही नाही. भिंतीवर तांबड्या अक्षरांत लिहिलेलं होतं: 'उतारू बावीस'. त्याखाली 'बिडी ओढू नये'. आणि पुढे, ह्यांच्या डोक्याच्या बरोबर वर, 'ड्रायव्हरशी बोलू नये'. ती तीन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचत बसले. संध्याकाळपर्यंत मी ती शेवटची पाटी अक्षरशः पाळली, हे ह्यांनी पुढे कितीतरी वर्षं लोकांना हसत सांगितलं. त्या दिवशी आमच्यापैकी कोणालाच हसू आलं नव्हतं.

हळूहळू मला सगळं कळत गेलं. ही मोटार ह्यांनी आणि शहाद्याच्या एका मुसलमान मिस्त्रीने मिळून आठ वर्षं चालवली होती. हे चालवायचे, मिस्त्री इंजिन सांभाळायचे. बाजाराच्या दिवशी पुढे खापर गावापर्यंत फेरी असे. मग लढाई आली आणि पेट्रोल मिळेनासं झालं. काही मोटारी कोळशाच्या धुरावर चालू लागल्या, ह्यांच्या मोटारीला ते मानवलं नाही. सर्व्हिस बंद पडली. दोघांनी मोटार वाटून घेतली. इंजिन मिस्त्रींनी काढून नेलं, रॉकेलवर चालेल असं केलं आणि त्यावर शहाद्याला पिठाची गिरणी चालवली. टायरही गेले. उरलेल्या सांगाड्याला मिस्त्रींनीच बैलगाडीची चार चाकं बसवून दिली आणि सहा बैलांनी तो शेतात ओढून आणला.

इंजिनाची जागा रिकामी होती. तिच्याखाली जमिनीवर चूल मांडलेली. बॉनेट वर केलं की चुलीवर छप्पर. मी भाकरी करायला बसले की बॉनेटमधून धूर निघायचा, आणि लांब गाडवाटेवरून तळोद्याच्या बाजाराला निघालेली माणसं बोचकी खाली ठेवून हात करत उभी राहायची. पहिल्या आठवड्यात मी पदर डोक्यावर ओढून आत पळायचे. पुढे मीच पिठाचा हात हलवून 'जात नाही' अशी खूण करू लागले.

पण हे सगळं का, ते ह्यांनी मला सांगितलं नाही. मला ते जाऊबाईंनी सांगितलं. मी गावात तिळाची चटणी न्यायला गेले होते. मीठ किती घालायचं ते सांगावं तितक्या सहज त्या सांगत होत्या. मिस्त्रीच्या डब्यातलं हे खातात हे गावभर झालं होतं. सासूबाई होत्या तोवर कोणी काही बोललं नाही. त्या गेल्यावर, तेराव्यानंतर, ह्यांचं ताट बाहेर ओट्यावर, गोठ्याच्या बाजूला वाढायला सुरुवात झाली. कोणी बोललं नाही, भांडण नाही. ताट फक्त बाहेर असायचं. तीन दिवस हे तिथे बसून जेवले. चौथ्या दिवशी आले नाहीत. लग्नाच्या पाच दिवसांत सगळ्यांच्याच पंगती मांडवात होत्या, म्हणून मला यातलं काही दिसलं नव्हतं.

"आणि आबा?" मी विचारलं.

आबा आत बसून जेवत होते, असं जाऊबाई म्हणाल्या. त्यांनी पाहिलं आणि काही बोलले नाहीत.

मी चटणी घेतली आणि परत आले.  माझ्या माहेरी वडील शाळेत सगळ्या जातींच्या मुलांना शिकवत आणि घरी येऊन अंघोळ करत. शिवाशीव मला नवी नव्हती. पण पोटच्या मुलाचं ताट बाहेर, आणि तेही इतकं न बोलता, हे मला पेलेना. मी फार मोठ्या मनाची होते असं मात्र कोणी समजू नये. त्याच आठवड्यात मिस्त्री सायकलवरून आम्हाला भेटायला आले. पांढरी दाढी, तेलाने काळी झालेली बोटं. मला 'बेटी' म्हणाले. मी चहा केला, आणि त्यांचा चहा मी कान तुटलेल्या वेगळ्या कपात दिला. मी ठरवून केलं नाही, हात आपोआप त्या कपाकडे गेला. त्यांनी चहा घेतला, बादलीतलं पाणी घेऊन कप स्वतः धुतला आणि बॉनेटवर पालथा घातला. ह्यांनी ते पाहिलं. मग कपाशीकडे तोंड करून उभे राहिले. तेव्हा मला माझीच अशी लाज वाटली की मिस्त्री निघून गेल्यावर तो कप मी बांधावर नेऊन फोडला. पुढच्या वेळी ह्यांच्या पितळीच्या जोडीची पितळी त्यांच्यापुढे ठेवली. 

पौषात एका सकाळी तलाठी आले. मोटारीभोवती एक फेरी मारली, वाकून चाकं पाहिली, दोरीवर वाळत घातलेलं माझं लुगडं पाहिलं. मग त्यांनी ह्यांना समजावून सांगितलं की ही शेतसाऱ्याची जमीन, इथे फक्त शेती करायची. राहतं घर उभं करायचं तर आधी वरून परवानगी हवी, नाहीतर घर गावठाणात बांधायचं. राखणीला झोपडी चालते, घर चालत नाही.

"हाई घर कथं शे?" हे म्हणाले. "पाया नही, भिंत नही. चाकं शेतस. हाई गाडी शे."

तलाठी हसले, काहीतरी लिहून घेतलं आणि निघून गेले. ह्यांना वाटलं, झालं. मलाही तसंच वाटलं. गावठाणाबाहेर इंचभर जागेतही माणसाने कुठे चूल मांडायची हे सरकार ठरवतं, हेच मी पहिल्यांदा ऐकत होते. माझ्या बापाच्या घरी असलं कधी कानावर आलं नव्हतं.

माघात नोटीस आली. ती आबांच्या नावाने होती, कारण जमीन आबांच्या नावावर होती. कोतवालाने ती आबांना दिली आणि आबांनी त्याच कोतवालाच्या हाती आमच्याकडे पाठवली. मामलेदारांचा फिरतीचा मुक्काम गावाबाहेरच्या आमराईत पडला होता, ते तिसऱ्या दिवशी स्वतः जागा पाहायला येणार होते. ह्यांनी नोटीस माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. कोणीतरी जळक्या शेजाऱ्याने अर्ज केला असणार, असं ते म्हणाले. दोन-तीन नावंही त्यांच्या मनात होती.

त्या दिवशी सकाळी मिस्त्री आले आणि तिघांनी मिळून तयारी केली. चूल विस्कटून राख लांब टाकली. गादी आणि माझी पेटी कपाशीच्या ढिगामागे लपवली. आत रिकामी पोती, विळे, दोर पसरले. चाकांना तेल पाजलं. चार बैल जुंपून ठेवले, म्हणजे साहेबांना मोटार दोन हात चालवून दाखवता येईल. मला काय बोलायचं ते ह्यांनी पाठ करून दिलं: आम्ही गावात आबांकडे राहतो, जेवण-खाण तिकडे, इथे दिवसा फक्त राखणीला येतो. मी ते शाळेतल्या कवितेसारखं दहा वेळा म्हटलं. मिस्त्री जायला निघाले तेव्हा म्हणाले की मी इथे दिसलो तर गोष्ट बिघडेल. सायकल हातात धरून ते बांधाने चालत गेले, बसले नाहीत.

मामलेदार आले. गोरे, चष्मा लावलेले, पुण्याकडचे असावेत. बरोबर तलाठी, आबा, आणि तमाशा पाहायला अर्धा गाव. आबांनी नवा फेटा बांधला होता. लग्नानंतर ते पहिल्यांदाच त्या शेतात येत होते. मी मोटारीच्या मागच्या चाकाशी पदर घेऊन उभी राहिले. मामलेदार आत चढले, 'ड्रायव्हरशी बोलू नये' वाचून हसले आणि बाकावर बसले.

ह्यांनी छान सांगितलं. गाडी आहे, चालते, बैल जुंपलेले आहेत.

"वाहन म्हणता, पण इंजिन कुठे आहे?" मामलेदारांनी विचारलं.

"बैलगाडीलेबी इंजिन नही ऱ्हास, साहेब."

लोक हसले. मामलेदारही हसले. बैलांनी मोटार चार हात ओढली, चाकं कुरकुरली, पण चालली. मामलेदारांनी मान डोलावली. मला वाटलं, आता ते उठून जाणार. ह्यांच्या अंगात तेवढ्यात वारं भरलं असावं. ते म्हणाले की साहेब, गावातली माणसं दुसऱ्याचं बरं बघू शकत नाहीत, हा अर्ज ज्याने केला त्याला माझ्यासमोर उभा करा.

मामलेदारांनी हातातला कागद उलटा-सुलटा केला. ते जरा अवघडले. "अर्ज नाही हा," ते म्हणाले. "गावच्या पाटलांचा रिपोर्ट आहे."

मला आधी कळलंच नाही. पाटील म्हणजे कोण, हे मी क्षणभर खरोखर शोधत होते. आबा दोन पावलं पुढे आले. हात पाठीमागे, आवाज नेहमीचाच.

"मीच लिखेल शे," ते म्हणाले. "येकटा व्हता तवलग राखण व्हती. लगीन व्हयनं, सून उनी, चूल पेटनी. मंग ते घर शे. दुसरा कोनी ऱ्हाता तरी लिखता मी. पोऱ्या शे म्हनीसन सोडू का?"

 मी ह्यांच्याकडे पाहिलं. माणसाच्या चेहऱ्यावरून रक्त उतरतं म्हणतात, ते मी तेव्हा पाहिलं. त्यांचे हात बैलाच्या शिंगावर होते ते तसेच राहिले. आपल्याच जमिनीवर, आपल्याच नावाने नोटीस येईल असा कागद आबांनी स्वतःच्या हाताने लिहिला होता, आणि कारण काय, तर मी. मी आले म्हणून. माझी चूल.

मामलेदार घाईने माझ्याकडे वळले. प्रकरण लवकर मिटवावं असं त्यांच्या मनात असावं. त्यांनी विचारलं ते अगदी सौम्यपणे, उत्तर जणू हातात ठेवत, "बाई, तुम्ही राहता गावात, सासऱ्यांच्या घरी. बरोबर?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. दहा वेळा पाठ केलेलं. जेवण-खाण तिकडे. मी तोंड उघडलं आणि त्या 'जेवण' शब्दापाशीच थांबले. समोर आबा उभे होते. सगळा गाव होता. त्या घरी आम्ही जेवतो, असं मी त्यांच्यासमोर म्हणणार होते.

"नाही," मी म्हणाले. "आम्ही इथेच राहतो. हेच आमचं घर आहे. त्या घरी ह्यांचं ताट बाहेर ओट्यावर वाढतात."

बोलून झाल्यावर मला माझाच आवाज ऐकू आला. नवी नवरी, तीन महिने झालेले, डोक्यावरचा पदर अजून नवा, आणि भर गावासमोर, सरकारी माणसासमोर सासऱ्यांच्या घरची गोष्ट मी उघडी टाकली होती. मी हे बोलेन असं मला स्वतःला माहीत नव्हतं. थोरले दीर गर्दीत होते, ते मागच्या मागे निघून गेले. आबा जमिनीकडे बघत होते. मामलेदारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग टाकाने लिहू लागले. वास्तव्य सिद्ध झालं, पंधरा दिवसांत जागा मोकळी करावी. दुसरं काही लिहिण्यासारखं मी ठेवलंच नव्हतं.

सगळे गेल्यावर ह्यांनी बैल सोडले, पाणी दाखवलं, एकेकाची पाठ थोपटली. माझ्याकडे आले नाहीत. मी चूल पुन्हा मांडली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी केल्या, भरीत केलं. जेवताना त्यांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. मी रागाच्या शब्दाची वाट पाहत होते, तो आला नाही, आणि त्याने मी आणखीच घाबरले. झोपायच्या आधी ते एवढंच म्हणाले की मिस्त्रींच्या गिरणीमागे मोकळी जागा आहे, मोटार तिकडे नेऊ.

दहाव्या दिवशी सहा बैल जुंपले. मी आत बसले होते, भांडी धरून. इतक्या दिवसांत मोटार पहिल्यांदा मला घेऊन चालत होती. शेतातून गाडवाटेवर आलो, नाल्याच्या उतारापर्यंत ठीक गेलं. उतारावर बैल आवरेनात. खालून मोठा आवाज झाला आणि माझं घर पुढच्या गुडघ्यांवर बसलं. डाळीचं भांडं माझ्या अंगावर आलं. बाहेर येऊन पाहिलं तर पुढचा आस मधोमध तुटलेला, एक चाक नाल्यात गडगडत गेलेलं. मोटार बरोबर रस्त्याच्या कडेला, नाक खाली करून.

मिस्त्री आले, आडवे झोपून खाली पाहिलं आणि म्हणाले की लोखंड लढाईत गेलंय, असा आस आता कुठे मिळायचा नाही. तलाठी आले. त्यांनी मापं घेतली. मोटार आबांच्या शेतात नव्हती, म्हणजे हुकूम पाळला गेला होता. ती ज्या जागेवर होती तो रस्ता लोकल बोर्डाचा होता, त्यांच्याकडे त्याचं काम नव्हतं. थोड्या वेळाने आबाही आले, कारण गावच्या हद्दीत रस्ता अडला तर कळवणं हे पाटलांचं काम. बापलेक तुटलेल्या आसाच्या दोन बाजूंना उभे राहिले. मामलेदार येऊन गेल्यापासून दोघं पहिल्यांदाच समोरासमोर आले होते.

"आते काय लिखशात?" ह्यांनी विचारलं.

"खरं शे तेच," आबा म्हणाले. "मोटार मोडेल शे."

आणि त्यांनी तसंच लिहिलं: रस्त्याच्या कडेला नादुरुस्त वाहन उभं आहे, रहदारीस अडथळा नाही. शेतात जे घर होतं ते रस्त्यावर येताच वाहन झालं. मी चूल तिथेच मांडली, लुगडी तिथेच वाळत घातली, आणि कोणी अवाक्षर काढलं नाही. बोर्डाचे ओव्हरसियर एकदा सायकलवरून आले, दुरुस्ती लवकर करा म्हणाले, पाणी पिऊन गेले. मी इतके दिवस ज्या नियमाला भीत होते तो हा असा होता, हे पाहून माझी मतीच गुंग झाली. आम्ही तिथे चार महिने राहिलो.

फाल्गुनात एका दुपारी जाऊबाई त्या रस्त्यावर चालत आल्या. एकट्या. पायरीवर बसल्या आणि रडायला लागल्या. मला वाटलं, घरात कोणाचं काही झालं. त्यांनी सांगितलं ते ऐकून मी हातातलं पीठ तसंच टाकलं.

मामलेदार आले त्या दिवसापासून आबा ओट्यावर जेवत होते. घरी आले, हातपाय धुतले, आणि आत न येता गोठ्याच्या बाजूला ओट्यावर जाऊन बसले. जाऊबाई ताट घेऊन दारात उभ्या राहिल्या तर बोटाने खूण केली, इथे ठेव. दुसऱ्या दिवशी तेच. थोरल्या दिरांनी हात जोडले, पाया पडले. आबा कोणावर रागावले नाहीत, कोणाला बोलले नाहीत. महिना होऊन गेला, माणूस दोन्ही वेळा बाहेर जेवत होता. गावचा पाटील. येणारे-जाणारे बघत होते. "तुमीन काईतरी करा वं," जाऊबाई म्हणाल्या. "मी ताट बाहेर ठेयेल व्हतं, मीच. आते मन्हा घशाखाले घास उतरत नही."

हे आत बाकावर बसून ऐकत होते.  दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, सदरा घालून गावाकडे निघाले. मला ये म्हणाले नाहीत, पण मी मागे गेले. मला राहवेना.

आबा ओट्यावर बसले होते. समोर ताट, ज्वारीची भाकरी, तुरीची डाळ. ह्यांनी चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी मांडी घालून बसले. जाऊबाई दारातून पाहत होत्या. त्या लगबगीने आत गेल्या, पाट मांडल्याचा आवाज आला, बाहेर येऊन म्हणाल्या की आबा, दोघंही आत चला, मी पाट मांडलेत.

आबांनी घास गिळला. "आठे वारा चांगला शे," ते म्हणाले.

ह्यांनी ताटासाठी हात पुढे केला. जाऊबाईंनी दुसरं ताट आणून ठेवलं. बापलेक जेवले. एकदा आबांनी ह्यांच्याकडे लसणाची चटणी सरकवली, तेवढंच. मी तुळशीपाशी उभी होते आणि काय पाहते आहे ते मला उमजत नव्हतं. मला वाटलं होतं, एकजण रडेल, एकजण माफी मागेल, दोघंही उठून आत जातील. तसलं काही झालं नाही. हात धुऊन हे परत निघाले.

त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी हे गावात जायचे आणि ओट्यावर आबांच्या शेजारी जेवायचे. आबा वारले तोवर दोघांपैकी कोणीही त्या घरात आत बसून जेवलं नाही. पुढे थोरले दीरही ताट घेऊन बाहेर येऊ लागले. मग आत फक्त बायका उरल्या.

ज्येष्ठात नाल्याला पाणी यायच्या आधी आम्ही शहाद्याला गिरणीमागच्या दोन खोल्यांत राहायला गेलो. मिस्त्रींनी मोटारीच्या फळ्या सोडवून गिरणीला पोटमाळा केला. मोटारीचा भोंगा कोणीतरी नेला. आबांनी रिपोर्ट लिहिला, रस्ता मोकळा आहे.

मला मात्र एक गोष्ट खात होती. भर गावात मी आबांना मान खाली घालायला लावली होती. दोन वर्षांनी आबा आजारी होते तेव्हा मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी धीर करून म्हटलं की आबा, त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं, तुम्हाला फार लागलं असेल.

त्यांनी डोळे उघडले. मी काय म्हणते आहे ते त्यांना समजायला वेळ लागला. मग ते म्हणाले, "तू त्या दिन जर खोटं बोलती, ते मन्हा कागद खोटा पडता."

माझा हात त्यांच्या पावलावर तसाच थांबला.  थोड्या वेळाने त्यांनी दुसरा पाय पुढे केला.